श्रमदानातून शाळा: कौतुक करण्याआधी हिशेब सांगा

तापीकाठ:
काल गावच्या गटात फोटो फिरला. घमेली घेतलेल्या बाया, खाली ओळ: 'सरकारची वाट पाहू नका, आमच्यासारखी श्रमदान अन् देणगीतून शाळा बांधा.' दिवसभर डोक्यातून जाईना. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. जिथे शाळा नाही तिथे तीन वर्षांत ती काढायची जबाबदारी सरकार आणि स्थानिक संस्थेची. २०१३ लाच मुदत संपली. आम्ही कर भरायचा, वर्गणी द्यायची आणि घमेलंही उचलायचं? उद्या पुढच्या गावाने खोली मागितली, की साहेब हाच फोटो पुढे करणार.

सातपुड्याची लेक:
दादा, कायदा डोंगरावर चढेपर्यंत पोरीचं लग्न होऊन जातं. अक्राणी-अक्कलकुव्यात नर्मदाकाठी जीवनशाळा कोणी उभ्या केल्या? नव्वदच्या दशकात, बांबू-कुडाच्या, गावकऱ्यांनीच. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा काही पुन्हा बांधाव्या लागल्या. एकमेकांच्या घराला हात लावायची आमच्याकडे रीतच आहे, शाळा काय परकी?

तापीकाठ:
त्या जीवनशाळा नर्मदा बचाव आंदोलनाने काढल्या. शाळा बांधताना सरकारला जाब विचारणं त्यांनी सोडलं नव्हतं. हे फोटोवाले तर जाब विचारूच नका म्हणतात!

गवंडीकाका:
कायदा राहू द्या भो, त्या फोटोतला पाया बघा. काळ्या मातीत जेमतेम दोन फूट खोदून दगड भरलाय. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेस्तोवर खाली जावंच लागतं. आमच्या समाजमंदिराची भिंत दुसऱ्याच पावसाळ्यात उकलली, तेव्हाही सगळे श्रमदान श्रमदान करत होते. आणि वर पत्रे! मे महिन्यात इथे पारा ४५ ला टेकतो, पोरं भाजायची आहेत का?

मास्तर, चोपडा:
पत्र्याखाली अकरा वर्षं शिकवलंय मी. जुन्या खोलीच्या निर्लेखनाची, म्हणजे ती पाडायच्या मंजुरीची, फाईल तीन वर्षं हलली नाही, पावसात वर्ग मारुतीच्या पारावर. शेवटी पालकांनी पत्र्याची खोली करून दिली. उन्हाळ्यात वर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळली झाडं, पसरायचो, खाली बरंच निवायचं.

गवंडीकाका:
पऱ्हाट्या? पोरं बसलेल्या खोलीवर? ठिणगी पडली असती तर? मास्तर, शिकलेल्या माणसाने हे लिहू नये.

मास्तर, चोपडा:
तेव्हा तुम्ही आला असता स्लॅब टाकायला! चाळीस पोरं भिजत होती, उपदेश करायला कोणी फिरकलं नाही.

गवंडीकाका:
बोलावलं असतं तर आलो असतो. पऱ्हाटीचं मात्र चूकच.

वेचणीवाली:
पाया अन् पत्र्यावर भांडताय, श्रमदान कोणाचं ते कोणी विचारत नाही. आमच्याकडे शाळेचं काम निघालं ऐन कापूस वेचणीत. सहा दिवस मजुरीचा रोज बुडवून आम्ही गेलो. मळेवाल्यांनी पैसे दिले, त्यांची नावं संगमरवरावर. माझ्या सासूने बांधकामाचं सगळं पाणी डोक्यावर वाहिलं, तिचं नाव कुठेच नाही. न जाणाऱ्यांना वर 'गावाशी इमान नाही' ऐकावं लागलं.

अमळनेरकर:
ताई, देणगीदाराचं नाव लावणं काही पाप नाही. आमच्या हायस्कूलला प्रताप शेठजींचं नाव आहे, तिथेच साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. पैसा आला म्हणून पिढ्या शिकल्या.

वेचणीवाली:
शेठजींचं नाव काढा असं मी कुठे म्हटलं? आमच्या शाळेच्या पाटीवर पाणी वाहणारीचंही लिहा म्हणते. देणगीची पावती मिळते, मजुरीची का नाही?

सातपुड्याची लेक:
हे मात्र खरं. आमच्या पाड्यावर पैसेवालं कोणीच नव्हतं, म्हणून हा विचार मनात आला नाही.

तापीकाठ:
फोटोतल्या बाया मलाही दिसल्या, त्यांचा रोज दिसला नाही. बरं, पोरं पावसात भिजत असतील तर बांधा, तेवढं मानतो. पण रोज हजेरी लिहा, मजुरीचा आकडा काढा आणि ग्रामसभेच्या ठरावात घालून जिल्हा परिषदेकडे मागा. जागेचं बक्षीसपत्रही आधी करून घ्या, नाहीतर मालकाच्या मुलांनी उद्या कुलूप लावलं तर कोणाकडे जाणार?

गवंडीकाका:
आणि पाया मुरुमापर्यंत. आखणीला मी येतो, मास्तर, दिवस कळवा.