नेट गेलं की पत्ते फोल्ड, हा कुठला न्याय?

चोपडेकर: रविवारी आपल्या ग्रुपच्या टेबलवर (फुकटच्या चिप्स, बरं का; पैशाचं ऑनलाइन पोकर 2025 च्या कायद्याने बंदच झालंय) मला टर्नलाच (टेबलवरचं चौथं पान उघडताच) फुल हाऊस लागलं, म्हणजे एकदम भारी पत्ते. समोरच्याने रेझ केलं (बोली वाढवली) आणि इकडे डीपी (ट्रान्सफॉर्मर) उडाली. राऊटर बंद. मोबाइलला रेंज येईस्तोवर टाइम बँक (विचाराला मिळणारा राखीव वेळ) संपली आणि ॲपने माझे पत्ते फोल्ड केले, म्हणजे मला डावातून काढलं. माझा अर्धा स्टॅक (चिप्सचा साठा) पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, गेला! माझं म्हणणं, नेट गेलं तर जेवढं टाकलंय तेवढ्यापुरता ऑल-इन धरा, म्हणजे पुढे काही न टाकता तेवढ्या पॉटसाठी डावात ठेवा. जुन्या साइट्सवर असंच होतं.

भुसावळ_जंक्शन: होतं ना. का काढलं तेही सांग. फ्लशला (एकाच चिन्हाची पाच पानं) एक पान कमी, समोरून मोठी बेट (बोली), कॉल करायची (तेवढ्याच चिप्स टाकायची) हिंमत नाही. ओढ वायर आणि रिव्हर (शेवटचं पान) फुकटात बघ! लागलं तर पॉट तुझा, नाही लागलं तर बेट वाचली. सर्व्हरला एवढंच कळतं की तिकडून उत्तर येत नाही. डीपी उडाली की वायर ओढली, हे त्याला कोण सांगणार?

चोपडेकर: म्हणून काय सगळेच चोर? दिवसाला ठरावीक वेळाच सवलत द्या, तसंही करायचे काही ठिकाणी.

भुसावळ_जंक्शन: म्हणजे लबाडाने ती एक वेळ सगळ्यात मोठ्या पॉटसाठी राखून ठेवायची. झकास.

धुळे_गल्ली५: भो, हातात सत्ती-दुरीसारखे रद्दी पत्ते असते तर हा धागा निघाला असता का? आणि तुझ्या नियमानेही त्या रेझमधलं तुला काही मिळत नव्हतं. जास्तीच्या चिप्स त्याच्या त्याला परत.

चोपडेकर: निदान माझा पॉट तरी मला मिळाला असता.

रावेरचा_केळीवाला: मी चोपडेकरांच्या बाजूने. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) डाव रंगात असताना शेतातली लाइट आली म्हणून कुणी मोटर चालू करायला उठलं, तर आपण थांबतोच ना? त्याचे पत्ते पॅक करतो का?

भुसावळ_जंक्शन: कारण तो मोटरीकडेच गेला हे चार जणांना दिसतं. इथे कोण बघतंय?

नंदुरबार_७७: आणि थांबायचं तरी किती? टूर्नामेंटमध्ये ब्लाइंड्सचं (सक्तीच्या बोली वाढवत नेणारं) घड्याळ सुरूच असतं. नेट गेलेल्याला थोडा जादा वेळ द्यावा, तरी आला नाही तर चेक करता (काही न टाकता पुढे जाता) येत असेल तिथे चेक, नाहीतर फोल्ड. बहुतेक साइट्स हेच करतात. फक्त जादा वेळ किती, ते पत्ते वाटायच्या आधी सांगा. नंतर भांडू नका.

चोपडेकर: किती म्हणजे? आपल्याकडे गेलेली लाइट तीस सेकंदात येते का? निदान दोन मिनिटं ठेवा.

धुळे_गल्ली५: दोन मिनिटं?? आठ जण बसलेत टेबलवर. इन्व्हर्टर घे.