शब्दचर्चा : परका, परदेशी की अनोळखी?

आयव्हरी कोस्टमधल्या २०१०-११च्या निवडणूक हिंसाचारावरचा एक फ्रेंच मजकूर मराठीत आणतोय आणि एका साध्या शब्दापाशी गाडी अडली आहे. शब्द आहे 'एत्रांजे'.

थोडी पार्श्वभूमी. २८ नोव्हेंबर २०१०ला अध्यक्षपदासाठी दुसऱ्या फेरीचं मतदान झालं. निवडणूक आयोगाने विरोधी उमेदवार अलासान वातारा यांना ५४.१ टक्के मतांनी विजयी घोषित केलं. दुसऱ्याच दिवशी निवडणुकीचा अंतिम निकाल देणाऱ्या घटनात्मक परिषदेने, वातारांचा जोर असलेल्या उत्तरेतल्या काही भागांतली मतं रद्द करून, सत्तेवर असलेले अध्यक्ष लोराँ बाग्बो यांना ५१.४५ टक्के दिले. एक देश, दोन अध्यक्ष! पुढच्या काही महिन्यांत सुमारे ३,००० माणसं मारली गेली.

२५ फेब्रुवारी २०११ला बाग्बोंचे युवामंत्री शार्ल ब्ले गुदे यांनी आबीजान या तिथल्या सर्वांत मोठ्या शहरात तरुणांना सांगितलं, की वस्तीत कोण येतं-जातं त्यावर डोळा ठेवा आणि कुणी 'एत्रांजे' शिरला तर खबर द्या. फ्रेंचमध्ये हा शब्द परदेशी माणसालाही लागतो आणि नुसत्या अनोळखी माणसालाही. मी 'परदेशी' लिहिलं तर वाक्य चिथावणीचं होतं, 'अनोळखी' लिहिलं तर रात्रीच्या गस्तीची सूचना वाटते. काय करावं?

प्रतिसाद :
'परका' घ्या. तो दोन्हीकडे चालतो. परका देश, परका माणूस, आणि घरातलंच कुणी दुरावलं तरी आपण 'परक्यासारखा वागतो' म्हणतोच.

प्रतिसाद :
'उपरा' का नको? त्यात 'इथला नाहीस' हा डंख आहे.

धागाकर्ता :
डंख आहे म्हणूनच नको. बोलणाऱ्याने संदिग्ध शब्द वापरला, तर मी तो टोकदार करून देणं बरं नाही. बाग्बो आणि ब्ले गुदे या दोघांनाही हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांच्या आरोपांतून २०१९मध्ये निर्दोष सोडलं, २०२१मध्ये अपिलातही तेच कायम राहिलं. भाषांतरात मी परस्पर निकाल देणारा कोण?

प्रतिसाद :
न्यायालयाचं न्यायालयापाशी. पण ऐकणाऱ्याच्या कानात काय आधीपासून भरलं होतं तेही बघा ना. १९९०च्या दशकात बेदिए अध्यक्ष असताना तिथे 'इव्हारिते' हा शब्द चालवला गेला. अस्सल आयव्हरियन कोण याचं मोजमाप. आईबाप दोघंही आयव्हरियन हवेत या अटीवर खुद्द वातारांना निवडणुकीबाहेर ठेवलं गेलं. इतकी वर्षं हे ऐकलेल्या पोराला 'एत्रांजे' म्हटल्यावर दिसतो तो उत्तरेकडच्या मुस्लिम नावाचा माणूस, नाहीतर बुर्किना फासो किंवा मालीहून आलेला मजूर. ब्ले गुदेंच्या त्या आवाहनानंतर रस्त्यांवरचे तपासणी नाके वाढले आणि नाक्यांवर ओळखपत्रावरचं नाव वाचूनच माणसं बाजूला काढली. शब्दकोशातला अर्थ आणि नाक्यावरचा अर्थ वेगळा असतो हो.

धागाकर्ता :
हे पटलं. 'परका' ठेवतो आणि इव्हारितेचा परिच्छेद त्याच्या आधी आणतो, म्हणजे वाचकाच्याही कानात तो आधी पडेल. आता दुसरी अडचण. तिथल्या दूरचित्रवाणीला, म्हणजे 'एरतेई'ला, 'सरकारी वाहिनी' म्हणू का?

प्रतिसाद :
कुणाचं सरकार? 😀 वातारा आबीजानच्या गोल्फ हॉटेलात संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्यात, वाहिनी बाग्बोंच्या ताब्यात. वातारांच्या बाजूने तर जानेवारीत आपली वेगळी वाहिनीच काढली. 'सरकारी' म्हटलंत की बाग्बोंचं सरकार मान्य केल्यासारखं होतं. 'राष्ट्रीय वाहिनी' म्हणा आणि 'बाग्बोंच्या ताब्यातली' हे एकदा स्पष्ट लिहा.

प्रतिसाद :
आणि त्या वाहिनीबद्दल लिहिताना 'हेट स्पीच'साठी 'द्वेषपूर्ण भाषण' कृपया नको! भाषण म्हटलं की व्यासपीठ, माईक, हारतुरे दिसतात. त्या वाहिनीवर बातम्या आणि मुलाखती होत्या. सुरक्षा परिषदेने ३० मार्च २०११च्या १९७५ क्रमांकाच्या ठरावात वाहिनीचं नाव घेऊन निषेध केला, तो भेदभाव, वैर, द्वेष आणि हिंसेला चिथावणी दिल्याबद्दल. म्हणजे जोर 'चिथावणी'वर आहे. नुसतं गरळ ओकणं वेगळं, चिथावणं वेगळं. चिथावणीत समोरच्याने उठून काहीतरी करावं ही अपेक्षा असते.

प्रतिसाद :
आपल्याकडे सरळ 'काडी टाकणे' आहे की.

धागाकर्ता :
काडीवरून अंगावर काटा आला. त्याच मजकुरात 'कलम १२५' असा शब्द आहे. आधी मला वाटलं दंडविधानातलं कलम असेल, तळटीप द्यायला शोधत बसलो. ते कलम नाहीच. १०० फ्रँकचं पेट्रोल आणि २५ फ्रँकची काड्यापेटी, बेरीज १२५. माणूस जिवंत जाळण्याला रस्त्यावर पडलेलं नाव. त्यामुळे या लेखात 'काडी टाकणे' वाक्प्रचार म्हणून वापरता येणार नाही, तिथे काडी खरीखुरी आहे. 'चिथावणी'च ठेवतो.

प्रतिसाद :
बापरे. मग 'कलम' तसंच ठेवा, 'जाळणे' करू नका. कायद्याच्या भाषेची ती थट्टा वाचकाला कळली पाहिजे.

प्रतिसाद :
जाता जाता : मानवाधिकारांचं 'उल्लंघन' आणि 'अत्याचार' यांत गल्लत करू नका. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांत सहसा पहिला शब्द राज्ययंत्रणेसाठी आणि दुसरा सशस्त्र गटांसाठी असतो. मार्चअखेर देशाच्या पश्चिमेकडच्या दुएकुए गावात शेकडो माणसं मारली गेली, तिथे वातारांच्या बाजूच्या फौजांवर ठपका आहे.

धागाकर्ता :
हो, आणि तिथेही पुन्हा तोच घोळ. त्या फौजा तेव्हा राज्ययंत्रणा होत्या की सशस्त्र गट? मी दोन्ही शब्द जोडीने लिहिलेत, 'उल्लंघनं आणि अत्याचार'. कुणाला याहून बरं सुचलं तर शनिवारपर्यंत सांगा, रविवारी मजकूर पाठवायचा आहे.