‘महिन्याला पाचशेत भागतं’ म्हणणाऱ्यांसाठी

माईचा_थोरला: काल इथे एकाने लिहिलं, ‘सीओपीडीच्या (धाप लागणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) खर्चाचं लोक उगाच रडगाणं गातात. विडी सोडा, जनऔषधीतून श्वासाचा पंप आणा, महिन्याला पाचशेत भागतं.’ डोकं फिरलं.

माझ्या आईने जन्मात विडीला हात लावला नाही. मुळशीत तीस वर्षं फुंकणी घेऊन चुलीपुढे बसली, तेवढाच तिचा गुन्हा. आता दिवसाचे सोळा तास ऑक्सिजनचं मशीन. साडेतीनशे वॉट धरा, महिन्याला दीडशेच्या वर युनिटं होतात, घरचं बिल वेगळं. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, इन्व्हर्टर दोन तासांत मान टाकतो, म्हणून सिलिंडर भरून ठेवायचा. तिला एकटीला सोडता येत नाही, बायकोने नोकरी सोडली. तो पगार कुठल्या पाचशेत बसवू?

हिशेबी_पुणेकर: ते मीच लिहिलं होतं. मी पंपाबद्दल बोललो, मशीनबद्दल नाही. विमा वेळेत का नाही काढला?

माईचा_थोरला: काढलाय. भरती झालं तर पैसे मिळतात. घरी बसून धाप लागली तर छदाम नाही.

चौथा_मजला: चूल, विडी सगळं ठीक, पण कबुतरांचं कोण बोलणार? आमच्या वरच्या काकू रोज मूठमूठ ज्वारी टाकतात. विष्ठेच्या धुळीने वडिलांच्या फुप्फुसाला कायमचे व्रण पडलेत. सीटी स्कॅनच तीनदा झाला.

पेठेतली_आजी: मुक्या जिवांवर खापर फोडू नका. आमच्या वाड्यात पन्नास वर्षं कबुतरं होती, कुणाला काही झालं नाही.

चौथा_मजला: तुम्हाला झालं नाही म्हणून कुणालाच होत नाही? पुण्य तुमच्या खात्यात, पिसं आमच्या फुप्फुसात! दाणे टाकणाऱ्यांना महापालिका दंड करते, ते काय गंमत म्हणून?

पेठेतली_आजी: आवाज खाली. वयाचा तरी मान ठेवा.

हडपसरकर: आजी, वयाचाच प्रश्न आहे. त्यांचे वडीलही सत्तरीचे असतील.

माईचा_थोरला: अहो, मी वीजबिलाचं बोलत होतो…

हिशेबी_पुणेकर: बरं बाबा, पाचशे चुकलं. पाच हजार लिहायला हवं होतं, खूश? पण एक कामाचं सांगतो. साठीच्या पुढच्या आईवडिलांचा आरोग्य विमा नसेल, तर औषधोपचाराच्या खर्चावर प्राप्तिकरात 50,000 पर्यंत वजावट मिळते.

माईचा_थोरला: विमा आहे, हे वर लिहिलंय. शिवाय मी नव्या करप्रणालीत आहे, तिथे ही वजावटच नाही. बाकी सल्ला उत्तम.

हिशेबी_पुणेकर: मग जुनी घ्या!

माईचा_थोरला: वजावट घ्यायला घरभाडं नाही, कर्ज नाही. जुनीत उलट जास्त कर बसतो. हिशेब मलाही येतो.

हडपसरकर: चौथा मजला, गॅलरीला जाळी लावलीत का? काय भाव पडला? आमच्याकडेही एसीच्या मागे घरटं झालंय.