'मिशन'ला मराठीत काय म्हणावं? आणि ते 'रिन्यू' कसं करायचं?

उंबरठा
एका धर्मप्रांताच्या (डायोसीस, म्हणजे एका बिशपांच्या हाताखालचा भाग) पाच वर्षांच्या आराखड्याचं मराठी करतेय. शीर्षकावरच अडलंय: 'रिन्यूअल ऑफ मिशन अँड स्ट्रक्चर'. मी 'ध्येय व संरचना यांचे नूतनीकरण' लिहिलं. तपासणाऱ्या फादरांनी समासात शेरा मारला, "ध्येय नव्हे. आणि नूतनीकरण परवान्याचं होतं." पर्याय सुचवा.

तिरपागडे
फादर बरोबर बोलले. शुल्क भरा, शिक्का घ्या, मुदत वाढली, आत सगळं जैसे थे. 'जीर्णोद्धार' करून टाका.

पाटीपेन्सिल
जीर्णोद्धार दगडविटांचा होतो. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या १२व्या अध्यायात 'मनाच्या नवीकरणाने' असं आहे. लोकांच्या कानावरचा शब्द आहे, तोच घ्या.

शुद्धमती
'नवीकरण' हिंदी वाटतो.

पाटीपेन्सिल
हिंदी कसला! नव असो की नूतन, दोन्हींना च्वि प्रत्यय एकच. जे तसं नव्हतं ते तसं करणं.

शुद्धमती
मग 'रि'मधलं 'पुन्हा' कुठं गेलं? 'पुनर्नवीकरण' म्हणा.

तिरपागडे
म्हणा. फलक मात्र दोन मजली लागेल.

सल्लागार_निवृत्त
तुम्ही शेपटाशी खेळताय, अडचण 'मिशन'मध्ये आहे. लॅटिनमध्ये मूळ अर्थ पाठवणं. पित्यानं पुत्राला पाठवलं, त्या अर्थानं धर्मशास्त्रात हा शब्द कितीतरी आधीपासून होता. परदेशी धर्मकार्याला तो लावण्याची रीत सोळाव्या शतकात जेज्विट या कॅथलिक संघामुळे पडली. ध्येय आपण ठरवतो, पाठवणारा मात्र दुसरा असतो. म्हणून 'ध्येय' चुकतं. मराठी बायबलात अपॉसलला 'प्रेषित' म्हणतात, म्हणजे पाठवलेलाच. 'प्रेषितकार्य' घ्या.

तिरपागडे
सरळ 'पाठवणी' का नको? फक्त वाचताना लोक नवरीकडचे रुमाल शोधतील.

मंडळीतला
आमच्यात 'मिशन'च म्हणतात. मिशनचं कंपाउंड, मिशनचा दवाखाना, मिशनची शाळा. 'प्रेषितकार्य' फक्त छापील कागदावर भेटतं.

शुद्धमती
म्हणून वाट्टेल ते मराठी म्हणून खपवायचं?

मंडळीतला
'पाद्री' पोर्तुगीजांकडून आला, तो खपला ना?

उंबरठा
'मिशन' ठेवायला माझी हरकत वेगळी आहे. सरकारी योजनांनी त्याला उद्दिष्ट आणि तारीख चिकटवलीय. 'धर्मप्रसार' म्हणावं तर वाचणारा पहिल्याच ओळीला सावध होतो, आणि आराखड्यात तर रुग्णांच्या भेटी, तरुणांचे गट, स्थलांतरितांची सोय असं सगळं आहे.

सल्लागार_निवृत्त
म्हणूनच इंग्रजी शीर्षकही मला पटत नाही. १९५२ साली जर्मनीत विलिंगेनला मिशनरी परिषद भरली, तिथून हा विचार पुढे आला की मिशन मुळात देवाचं, चर्च त्यात सामील होतं. मग मिशन शिळं कसं होईल? शिळे आपण होतो. 'प्रेषितकार्यासाठी धर्मप्रांताचे नवीकरण' असं फिरवा.

आणि 'स्ट्रक्चर'ला काहीही म्हणा, 'पुनर्रचना' म्हणू नका. आमच्या सल्लागार मंडळात मसुदा वाचताना तो शब्द आला आणि पहिला प्रश्न आला, "कुठलं चर्च बंद?" तसं धर्मग्राम (पॅरिश, म्हणजे एका धर्मगुरूकडे सोपवलेली स्थानिक मंडळी) काढणं-मोडणं बिशपांच्याच हातात असतं, कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कॅनन कायद्याचं ५१५वं कलम, आणि तेही धर्मगुरूंच्या मंडळाचं म्हणणं ऐकल्यावर. पण हे सांगेपर्यंत निम्मे लोक उठले होते. पुढची मिशनवरची पानं रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवली.

उंबरठा
मग 'मांडणी'?

पाटीपेन्सिल
मांडणी फडताळातली. पण मी म्हणते, 'धर्मप्रांत' तरी कुठं धड आहे? डायोक्लेशियन बादशहानं रोमन प्रांतांचे गट पाडून १२ डायोसीस केले, म्हणजे डायोसीस प्रांतापेक्षा मोठा. चर्चमध्ये उलट, अनेक डायोसीस मिळून एक प्रांत. आता डायोसीसलाच धर्मप्रांत म्हटलं, तर वरच्या प्रांताला काय म्हणायचं?

सल्लागार_निवृत्त
त्यातून त्याच कॅनन कायद्याचं ३६९वं कलम डायोसीसची व्याख्या 'देवाच्या प्रजेचा भाग' अशी करतं. आधी माणसं, हद्दीचं नंतर.

शुद्धमती
'धर्मजन' करा.

मंडळीतला
आणि बिशपांना 'धर्मजनपती'? बरे आहात ना?

पाटीपेन्सिल
ग्रीकमध्ये डायोसीसच्या मुळाशी घर आहे, घरकारभार. पॅरिशच्याही मुळाशी घरच, पण शेजारी मुक्काम केलेल्याचं, म्हणजे उपऱ्याचं. आपण त्याला 'धर्मग्राम' म्हणून पक्का गावकरी करून टाकलं.

तिरपागडे
मग 'उपरेगाव' म्हणायचं?

मंडळीतला
चालेल. आमचे निम्मे लोक बदलीच्या नोकरीवर आलेले आहेत.

शुद्धमती
'उपरेगाव' असा समास होत नाही.