चाके टेकली, तरी विमान स्वतःला हवेतच समजते तेव्हा

नभोमंडल यांचा प्रश्न

फ्रँकफर्टहून निघालेले लुफ्तान्साचे ए३२० विमान १४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सा येथे पावसात उतरले, धावपट्टी संपली तरी थांबले नाही आणि पलीकडच्या मातीच्या बांधावर आदळून पेटले. विमानातील ७० जणांपैकी दोघांचा मृत्यू झाला. या अपघाताविषयी वाचलेली एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. चाके जमिनीला लागलेली असूनही पंखांवरचे स्पॉयलर (पंखांची उचल मोडणाऱ्या झडपा) आणि इंजिनांचे रिव्हर्सर (इंजिनाचा झोत पुढे वळवून विमानाला रोखणारी यंत्रणा) काही सेकंद उघडलेच नाहीत, कारण संगणकाच्या लेखी विमान अजून हवेतच होते. लँडिंग गिअरवरचे, म्हणजे चाकांच्या पायांवरचे, सेन्सर नेमके काय तपासतात? आणि वैमानिकाला समोर धावपट्टी दिसत असताना त्याचा निर्णय अंतिम का मानला जात नाही?

पूर्वरंग यांचा प्रतिसाद

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ५ जुलै १९७० रोजी टोरांटो येथे एअर कॅनडाचे डीसी-८ विमान जमिनीपासून सुमारे ६० फुटांवर असताना सहवैमानिकाच्या हातून स्पॉयलर उघडले गेले आणि त्या अपघातात १०९ जण मरण पावले. २६ मे १९९१ रोजी लाउडा एअरच्या बोइंग ७६७ विमानाचा एक रिव्हर्सर थायलंडवरून उडत असताना आपोआप उघडला आणि २२३ जणांचा जीव गेला. जमिनीवर विमान थांबवणारी ही दोन्ही साधने हवेत जीवघेणी ठरतात. म्हणूनच त्यांच्यावर कुलूप असते आणि त्याची किल्ली लँडिंग गिअरच्या हाती असते.

लँडिंग गिअरच्या पायात तेल आणि नायट्रोजन भरलेला धक्काशोषक असतो. विमानाचे वजन पायावर आले की तो दबतो, आणि जवळ आलेला धातूचा तुकडा सेन्सर स्पर्शाविना ओळखतो. चाके किती वेगाने फिरत आहेत, हे वेगळे सेन्सर मोजतात. वॉर्साच्या त्या विमानात स्पॉयलर उघडण्यासाठी दोनपैकी एक अट पूर्ण व्हावी लागे: दोन्ही मुख्य पायांवर प्रत्येकी किमान ६.३ टन भार, किंवा चाकांचा वेग ७२ नॉटपेक्षा (ताशी सुमारे १३३ किलोमीटर) अधिक. रिव्हर्सरसाठी मात्र भाराची अटच लागू होती.

वाऱ्याच्या आकस्मिक बदलाची सूचना मिळाल्याने वैमानिकांनी वेग २० नॉट जास्त ठेवला होता आणि विमान उजवीकडे किंचित कलते ठेवले होते. प्रत्यक्षात वारा तोवर मागून वाहू लागला होता. उजवा पाय धावपट्टीच्या सुरुवातीपासून सुमारे ७७० मीटरवर टेकला. डावा पाय त्यानंतर ९ सेकंदांनी, १५२५ मीटरवर टेकला, आणि धावपट्टी होती २८०० मीटरची. तोपर्यंत भाराची अट पूर्ण झाली नाही, आणि पाण्याच्या थरावरून घसरणारी चाके पुरेशी फिरली नाहीत म्हणून दुसरीही अपुरी राहिली.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा पुढे आहे. जास्त वेगामुळे पंख विमानाचा बराच भार उचलून धरत होते. तो भार चाकांवर आणण्याचे काम स्पॉयलरचे, आणि स्पॉयलर उघडण्यासाठी तोच भार चाकांवर आधी यायला हवा होता. सेन्सर बिघडलेले नव्हते. त्यांनी जे होते तेच सांगितले. चूक प्रश्न कसा विचारला यात होती.

सदाफुली यांचा प्रतिसाद

चाकांच्या ब्रेकविषयी थोडी भर घालते. ब्रेक दाबलेले असतानाच विमान टेकले तर टायर फुटू शकतात, म्हणून अँटी-स्किड यंत्रणा प्रत्येक चाकाचा वेग पाहते आणि चाक फिरत नसेल तर त्याचा दाब सोडते. कोरड्या धावपट्टीवर चाक टेकताक्षणी फिरू लागते. साचलेल्या पाण्यावर ते लवकर फिरत नाही, आणि वॉर्सा येथे डावा पाय टेकल्यानंतरही ब्रेक लागायला सुमारे चार सेकंद गेले. ओल्या धावपट्टीवर विमान ठामपणे टेकवावे, असे वैमानिकांना शिकवतात ते याचसाठी. प्रवाशांना आवडणारे अलगद उतरणे तिथे मुळीच हिताचे नसते.

नभोमंडल

दोघांचेही आभार. मग भाराची मर्यादा आधीपासूनच कमी का ठेवली नव्हती?

पूर्वरंग

मर्यादा फार कमी ठेवली, तर विमान टेकून पुन्हा उसळले तरी त्या क्षणापुरते ते जमिनीवर असल्याचे नोंदले जाईल आणि नको तेव्हा कुलूप उघडेल. अपघातानंतर लुफ्तान्साच्या ए३२० विमानांत ती ६.३ टनांवरून २ टनांवर आणली गेली.

पण केवळ आकडा बदलून प्रश्न सुटत नाही, हे २९ डिसेंबर २०१२ रोजी मॉस्कोच्या व्नुकोवो विमानतळावर दिसले. रेड विंग्जचे टीयू-२०४ विमान अलगद उतरले आणि दोन्ही पाय एकाच वेळी पुरेसे दबले नाहीत. वैमानिकांनी रिव्हर्सचे लीव्हर ओढले. रिव्हर्सर बंदच राहिले, इंजिनांची शक्ती मात्र वाढली आणि विमान पुढेच रेटले गेले. विमानातील आठपैकी पाच कर्मचारी दगावले. कुलूप रिव्हर्सरला होते, पण इंजिनाच्या शक्तीला नव्हते, ही त्या रचनेतली गंभीर उणीव मला वाटते.

ए३२० मध्ये पुढे आलेली सुधारणा मला अधिक पटते. रिव्हर्स निवडलेला असेल, तर एकच मुख्य पाय दबला तरी स्पॉयलर अंशतः उघडतात. त्यामुळे पंखांची उचल कमी होते, विमान दुसऱ्या पायावरही बसते आणि मग स्पॉयलर पूर्ण उघडतात.