मदत हवी आहे: हलगीसोबत अकूस्टिक गिटार, मॉनिटरमधून (वादकासमोरच्या स्पीकरमधून) घुमतंय

मंडळी, कोल्हापूरच्या शाहू स्मारकला लोकगीतांचा कार्यक्रम आहे. गायकाची पट्टी काळी दोन (डी शार्प). गिटारच्या सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चाप), म्हणजे मोकळ्या तारांतूनच सा-प मिळतो. तारा ०.०१३ इंची सेटच्या, कारण ०.०१२ च्या सेटची जाडी तार एवढी उतरवली की ढिली पडून फ्रेटवर खडखडते.

अडचण आवाजाची. पिकअप पिझो, म्हणजे तारा टेकतात त्या सॅडलखाली बसवलेली, कंपनं पकडणारी पट्टी. हलगी-ढोलकीच्या वर यायला मॉनिटर वाढवला की पाचवी तार (साधारण ११६ हर्ट्झ) घुमायला लागते, कारण गिटारच्या पोकळीचा स्वतःचा नाद १०० हर्ट्झच्या आसपास असतो. साउंडहोलला रबरी झाकण लावलं, ८० हर्ट्झखालचं कापलं, तरी थोडं राहतंच. १२० पर्यंत कापलं तर खर्ज जातो, आणि मग गिटार कशाला?

विचारायचं असं:
फेज स्विच (सिग्नल उलटा करणारं बटण) आणि नॉच फिल्टर (घुमणारा तेवढाच सूर कापणारा) असलेला प्रीअँप कोल्हापुरात भाड्याने कोण देतं?
हलगीवाले गिटारपासून किती लांब बसवता?
शेकलेली हलगी थंड झाली की उतरते. हॉलमध्ये जाळ करता येत नाही, तर कातड्याऐवजी फायबरच्या पानाची चालेल का? कडकडाट तसाच येतो का, हे वाजवणाऱ्यांनीच सांगावं.