बीपीचा पट्टा बांधताच ना, मग दोन प्रश्न मनाचेही विचारा

धक्क्यावरचा:
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणजे हर्णैचे गडी घरी. गेल्या जुलैत भावोजींना उपकेंद्रात नेलं. तक्रार काय, तर पित्त, धडधड, झोप नाही. बीपी घेतलं, साखर बघितली, गोळ्या दिल्या, ‘दारू कमी करा’ म्हणाले, संपलं. बोटीचं कर्ज, डिझेलची उधारी कोणी विचारली नाही, आणि ते आपणहून सांगणारेही नव्हेत. त्याच दुपारी पडवीत बसून जाळ्यातलं एकच भोक त्यांनी तीनदा शिवलं, तीनदा उसवलं.

देशात २०२२ साली १ लाख ७० हजारांवर आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यात दर दहात सात पुरुष. तिशीवरच्यांसाठी आशाताई जो फॉर्म भरतात त्यात दोन प्रश्न आधीपासून आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. बंदीच्या दिवसांत ते प्रत्येक गड्याला विचारा, एवढंच म्हणणं.

केसपेपर:
आणि तो ‘हो’ म्हणाला तर? पुढे कोण आहे? कॅनडातल्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये सरसकट अशा तपासणीच्या विरोधातच शिफारस केली होती. तिथे ही गत, आणि आपल्याकडे चिठ्ठी मिळणार रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाची. १८८६ पासूनची संस्था, पण ‘ह्याला रत्नागिरीला न्या’ ही आमच्या वाडीत शिवी आहे. ती चिठ्ठी खिशात ठेवून कोण एसटीत चढेल?

वाडीतली आशा:
तो फॉर्म मीच भरते, म्हणून बोलते. सासू दारात, शेजारीण पायरीवर, आणि मी त्याच्याच भावकीतली. ‘उदास वाटतं का?’ विचारलं की गडी हसतो, ‘ताई, कर्ज फेड, मग नाय वाटणार.’ मी ‘नाही’वर खूण करून पुढच्या घरी. खोटं कशाला सांगू.

पण ‘झोप लागते का? पोरांवर खेकसता का? बाटली वाढली का?’ असं विचारलं की सुटतात. एकजण तर माडाला टेकून, माझ्याकडे न बघता अर्धा तास बोलला. मध्येच म्हणे, ‘हे लिहू नको हां.’ नाही लिहिलं.

तिठ्यावरलो:
ही सगळी शेरातली फॅडा. आमच्याकडे माणूस देवळात जाता, गाऱ्हाणा घालता, मन मोकळा होता. औषध खावन कोणाचा कर्ज फिटला?

धक्क्यावरचा:
गाऱ्हाणं सगळ्या गावाच्या नावानं घालतात हो. त्यात ‘मला तीनला जाग येते’ हे कुठे बसवू? कर्ज फिटणार नाही, कबूल. पण झोप झालेला माणूस बँकेच्या साहेबासमोर चार वाक्यं तरी बोलतो.

केसपेपर:
ताईंनी माझंच म्हणणं मांडलं. फॉर्म भरलेले, वर अहवाल छान, गडी जिथल्या तिथे. प्रश्न वाढवू नका, माणूस वाढवा. मानसोपचाराचा डॉक्टर महिन्यातून एक ठरलेला दिवस प्राथमिक केंद्रात बसू दे, बीपीवाल्यांच्याच रांगेत, वेगळी पाटी न लावता. मग विचारा काय ते.

वाडीतली आशा:
पाटी नको हे शंभर टक्के. पण डॉक्टर येईपर्यंत गप्प बसू? टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. मी नंबर देते.

केसपेपर:
एका खोलीच्या घरातून फोन लावणार कोण? बोटीवर तर रेंजच नाही.

धक्क्यावरचा:
धक्क्याच्या टोकाला येते रेंज. भावोजींनी लावला की नाही, विचारलेलं नाही. पण नंबर कागदावर लिहून केबिनमध्ये जीपीएसखाली चिकटवलाय. कशाला म्हटलं, तर म्हणे, ‘खलाशांसाठी.’